मामंजींच्या गालावरचे ठिपके

शेवगावच्या बाजारात भर दुपारी आमचे मामंजी हरवले. वीसेक वर्षांहून जुनी गोष्ट, मोबाईल अजून कुणाकडं नव्हता. आमचे हे बियाणं घेत होते, मामंजी शेजारी उभे. पिशवी उचलून वळतात तर जागा रिकामी...

(मला अक्षर येत नाही. मी सांगतेय, नात टाईप करतेय. मधे कुठं शहाणपण दिसलं तर ते तिचं समजा.)

मामंजी म्हणजे माझे सासरे. वय झालेलं, गावाचं नाव आणि घरच्यांची नावं डोक्यातून निघून गेलेली. थंडी कडाक्याची आणि अंगावर नुसता सदरा. एक रात्र बाहेर निघाली होती, दुसरी निघेल का हे कुणी बोलत नव्हतं.

पोलीस म्हणाले, फोटो आणा. फोटोला उभं राहायचा मामंजींना भारी कंटाळा. एकच सापडला, माझ्या थोरल्या लेकाच्या लग्नातला. मागच्या रांगेत, फेटा बांधलेले, तोंड रुपयाएवढं.

शेवगावात तेव्हा एका स्टुडिओत नवा कॉम्प्युटर आलेला. तो चालवणाऱ्या दिलीपनं फोटो मशीनवर उपडा घालून आत घेतला आणि तोंड मोठं केलं. बघते तर तोंडभर रवा सांडलेला.

"मूळ फोटो बारका हाय काकू, ताणला की दाणे दिसणारच," तो म्हणाला. त्यानं काच पुसली, फोटो परत घेतला, जास्त बारकाईनं घेतला. उलट दाणे आणखी ठसठशीत झाले. बाहेर ऊन उतरायला लागलेलं. आमचे हे दारापासून टेबलापर्यंत येरझाऱ्या घालत होते.

शेवटी दिलीपनं काहीतरी दाबलं आणि रवा गेला. तोंड लोण्याच्या गोळ्यासारखं गुळगुळीत. ह्यांना हायसं वाटलं, लगेच कागदावर काढ म्हणाले.

मी बघतच राहिले. मिशी तीच, नाक तेच... पण हा माणूस आमच्या घरात कधी जेवलेला नव्हता.

"हे मामंजी न्हाईत," मी म्हणाले.

हे चिडले. जीव टांगणीला लागलेला, त्यात बायकोचं हे. "माझा बाप मी वळखत न्हाई व्हय?"

सुनेनं सासऱ्यापुढं मान वर करायची नाही, ही आमच्याकडची रीत. मीही कितीतरी वर्षं त्यांच्या वहाणांशीच बोलले. पण त्यांना विसर पडायला लागला तेव्हापासून रोज सकाळी त्यांचं तोंड मीच धूत होते. ह्यांनी बाप बघितला होता, तोंड मी बघितलं होतं.

"देवीचे वण कुठं गेले?" मी विचारलं.

दिलीपचा हात थांबला. त्याला ते सगळे दाणेच वाटले होते. त्याची तरी काय चूक... त्याच्या वयाच्या पोरांनी देवी आलेलं तोंड किती पाहिलेलं असणार. त्यानं पुसलेलं परत आणलं, पण आता रवा कुठला आणि वण कुठला?

मी म्हटलं, "फेट्यावर ठिपके हायेत, मागं मांडवाच्या कापडावर बी हायेत. कापडाला काय देवी येत न्हाईत. ते पूस. तोंडावरचं मी सांगते."

मग पडद्यावर बोट ठेवून सांगत गेले... नाकपुडीजवळचा खोल, डाव्या गालावरचे दोन, भुवई तोडून गेलेला एक. तो दाणे पुसत होता, वण ठेवत होता, पुसट होते ते गडद करत होता. काम निम्म्यावर आलं आणि लाईट गेली. केलेलं सगळं गेलं.

हे भिंतीला टेकून खाली बसले. लाईट आल्यावर दिलीपनं पहिल्यापासून सुरुवात केली... मीही.

अंधार पडायच्या आत फोटो एसटी स्टँडांवर लागले. दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या एसटीडी बूथवर तिसगावच्या एका हॉटेलवाल्याचा फोन आला. म्हातारा आहे, डोक्याला फेटा नाही, नाव भलतंच सांगतो. पण गाल फोटोतल्यासारखाच आहे.

आम्ही दोघं टेम्पोनं तिसगावला निघालो. तो दुसराच कुणी निघाला तर... हे मनात दोघांच्याही होतं.

मामंजी बाकड्यावर बसून चहा पीत होते. ह्यांनी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, आणि ते काही केल्या उचलेनात. मामंजींनी थोडा वेळ बघितलं, मग बशी पुढं केली. "च्या घ्या पाव्हणं. लांबून आलाय जनू."

त्या हॉटेलवाल्याचे आणि दिलीपचे उपकार मी अजून मानते.

आता नातीच्या मोबाईलवर माझा फोटो काढला की सुरकुत्या आपोआप जातात. पोरगी खूश होते, आजी कशी हिरॉईन दिसते म्हणते. मी तिला सांगते, राहू दे गं त्या... उद्या मी हरवले तर लोकांनी शोधायचं कुणाला?