चार वर्षं किंवा ऐंशी हजार किलोमीटर

शेजारच्या पोराने परवा नवी गाडी घेतली. पेढे द्यायला आला आणि जाता जाता म्हणाला, "काकू, शोरूमवाले वाढीव वॉरंटी घ्या म्हणून मागं लागलेत. तुमी घेतली हुती ना? घ्यावी का?" पेढा माझ्या हातातच राहिला. म्हटलं, घ्यायची तर घे बाबा, पण वर्षं बघू नकोस, किलोमीटर बघ. तो व्हय व्हय म्हणत गेला. त्याला काय कळलं असेल, कपाळ! ते दारात उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतंच.

आमच्या ह्यांना पहिला झटका आला तो दौंडच्या यार्डात, ड्यूटीवर असताना. रेल्वेत पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलायचे. रेल्वेच्या दवाखान्यात तपासून पुण्याला हलवा म्हणाले आणि सुरू झाली गाडीची शोधाशोध. एक जीपवाला तयार झाला तर त्याचं चाक पंक्चर. दुसरा मिळेपर्यंत दुपार कलली. पुण्यातल्या डॉक्टरने माझ्यावरच डोळे वटारले. नशीब म्हणून वाचले, पुढच्या वेळी एवढा उशीर चालायचा नाही, म्हणाला. पुढच्या वेळी हे त्याने असं सांगितलं की जणू तारीख ठरलेलीच आहे.

रेल्वेने ह्यांना मेडिकलवर घरी बसवलं. फंड हातात आला तेव्हा ह्यांचं म्हणणं, घरावर स्लॅब टाकू. मी म्हटलं, स्लॅब काय तुम्हाला पुण्याला नेणार आहे? गाडी घ्यायची. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली, घरात आम्ही दोघंच. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण. पंचेचाळिशीत पदर खोचून गाडी शिकले, आणि शिकवणाऱ्याची किती बोलणी खाल्ली ते माझं मला माहीत. हौसमौज काही नव्हती. ह्यांच्या छातीत पुन्हा कळ आली की गाडी काढायची आणि पुणं गाठायचं, एवढ्यासाठी ती गाडी. तेवढ्यासाठी ती दारात पाहिजे आणि चालू पाहिजे.

पुण्यातल्या शोरूममध्ये टाय लावलेला एक मुलगा होता. कंपनीची दोन वर्षांची वॉरंटी असतेच, वर थोडे पैसे भरले तर आणखी दोन वर्षं, इंजिन-गिअरबॉक्स काहीही गेलं तरी कंपनी फुकट दुरुस्त करून देणार, असं त्याने समजावलं. ह्यांना ते पटेना. नव्या गाडीला काय धाड भरलीय, असं त्यांचं मत. मी मात्र हटून बसले. माणसाच्या काळजाची हमी कुणी देत नाही, निदान गाडीची तरी असू दे, असं वाटलं मला. कागदावर लिहिलं होतं, चार वर्षं किंवा ऐंशी हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. मी मास्तरीण, वाचल्याशिवाय सही करत नाही. विचारलं, हे ऐंशी हजाराचं काय? तो हसला. "मॅडम, घरात दोघंच ना तुम्ही? चार वर्षांत निम्मेसुद्धा होणार नाहीत." हिशोब बरोबर होता. आम्ही दोघंच होतो. आमची वस्ती ना त्याने धरली, ना मी.

आमच्या वस्तीतली ती पहिली चारचाकी. गाडी आली त्या संध्याकाळी बुद्धवंदना झाली, सगळ्यात म्हाताऱ्या आजींनी फीत कापली, पोरांनी हॉर्न वाजवून वाजवून डोकं उठवलं. मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. आठवडाही झाला नसेल, पलीकडच्या गल्लीतली एक बाळंतीण अडली. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात न्या म्हणाले. तिचा दीर दारात आला. "जयभीम मामा. गाडी हाय का?" ह्यांनी किल्ली घेतली ती चप्पल पायात सरकवतच. बाळ-बाळंतीण सुखरूप. त्या दिवशी मी स्वतः सगळ्यांना चहा पाजला.

मग लाइनच लागली. कुणाचं डायलिसिस, कुणाचं प्लास्टर, कुणाची पोरगी पुण्याच्या कॉलेजात न्यायची, कुणाच्या नवरदेवाला लग्नाला गाडी, कुणाची मयत. पुण्याची एक खेप म्हणजे जाऊन-येऊन दीडशेच्या वर किलोमीटर, आणि आठवड्यात दोन-तीन खेपा ठरलेल्या. हे स्वतः चालवत, नाहीतर वस्तीतला कुणी ड्रायव्हर. दम लागायचा ह्यांना, ते मला दिसायचं. पण तोंडावर जी तरतरी असायची ती यार्डातल्या नोकरीत मी कधी पाहिली नव्हती. दारात हाक आली की ताटावरून उठायचे.

आणि प्रत्येक जण एकच म्हणायचा, "तेल टाकतो की मामा." टाकायचेही. जेवढ्याला तेवढं, काटा जिथं होता तिथं आणून ठेवायचे, लबाडी कुणी केली नाही. आमच्या लोकांच्या लेखी गाडीचा खर्च म्हणजे तेल. तेल टाकलं की फिटलं, दोन्हीकडची मान ताठ. टायर झिजतो, क्लच झिजतो, ह्याचा विचार ज्याने गाडी ठेवली नाही त्याने कसा करायचा? आणि किलोमीटर तर कुणालाच दिसत नव्हते. ते काय पंपावर भरून मिळतात?

मला दिसत होते. दुसऱ्या वर्षापासून माझी नजर त्या आकड्यावरच. शाळेतून आले की आधी गाडीत डोकावायची, मग पायावर पाणी घ्यायची. ह्यांना म्हणायची, अहो, हे तुमचे किलोमीटर आहेत, तुमच्या वेळेला लागतील. ते हसण्यावारी न्यायचे. एकदा एका वरातीला गाडी द्यायला निघाले तेव्हा मी किल्ली कमरेला खोचून ठेवली आणि दिली नाही. वरात पायी निघाली. ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत आणि संध्याकाळी अंगणात बसून त्यांनी जे सांगितलं, ते लग्नाला पंचवीस वर्षं होऊनही मला माहीत नव्हतं.

त्यांचं मूळ गाव केंदूर. ते लहान असताना त्यांच्या आईला साप चावला. गावात एकच जीप, एका बड्या घरच्या वाड्यापुढं उभी. ह्यांचे वडील पायरीखाली उभे राहून हात जोडत राहिले. आतून निरोप आला, गाडीत डिझेल न्हाई. वडील म्हणाले, डिझेल मी आणतो. मग निरोप आला, ड्रायव्हर न्हाई. आईला बाजेवर घालून शिरूरच्या वाटेला लागले. तिथवर ती पोचली नाही.

"त्या जीपचंबी किलोमीटर वाचलं असत्याल," हे म्हणाले.

मी किल्ली आणून त्यांच्यापुढं ठेवली. दुसरं काय करणार? रागही आला होता मला, सांगते. त्या बड्या घराचा आला, ह्यांचा आला, आणि त्या मेलेल्या सासूचाही आला, जिला मी पाहिलंसुद्धा नव्हतं आणि जी माझ्या गाडीत येऊन बसली होती.

तरी तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मी त्यांना गळ घातली. थोडेच उरलेत, आता फक्त दवाखाना, लग्न नको, कॉलेज नको. कबूल झाले. पण कबूल होऊन काय उपयोग? कुणाचा तरी नोकरीचा कॉल निघायचा आणि एसटी चुकलेली असायची.

ऐंशी हजार पूर्ण झाले तेव्हा मी गाडीत होते. केंदूरला ह्यांच्या चुलत्याची मयत करून शिरूरवरून परत येत होतो. मागं वस्तीतल्या तीन बायका दाटीवाटीने बसून शेंगा खात होत्या, मयतीला कोण आलं न्हाई त्याची उजळणी चालली होती. न्हावऱ्याच्या पुढं आकडा फिरला. मी बघत होते. ह्यांनीही पाहिलं. माझ्याकडं एकदा बघितलं आणि परत रस्त्याकडं. मागच्या बाईने मुठीत शेंगा पुढं केल्या, "घ्या की बाई." मी घेतल्या आणि तशाच पदरात बांधून ठेवल्या.

त्यानंतर दीड-दोन महिने गाडी चालली. मग एका पेशंटला सोडून परत येताना यवतच्या अलीकडं इंजिनातून वाफ निघाली, खडखड झाली आणि जाग्यावर बंद पडली. ओढून पुण्याला नेली. इंजिनच गेलं होतं. काउंटरवरच्या माणसाने कागद बघितला, मग गाडीचा आकडा बघितला. फार सौजन्याने बोलला, म्हणून जास्तच लागलं. तारीख अजून आहे मॅडम, म्हणाला, सहा-सात महिने आहेत. पण किलोमीटर संपलेत. मी म्हटलं, हे आम्ही फिरलो नाही हो, ह्यातले आमचे स्वतःचे फार थोडे आहेत. कुणाच्या किलोमीटरला कोण बसलं होतं, ते त्या कागदात कुठं लिहायचं?

खर्चाचा आकडा ऐकून गाडी परत दौंडला ओढून आणली आणि ओळखीच्या मेकॅनिककडं लावली. तो म्हणाला, जुने पार्ट मिळाले तर बघू. बॉनेट उघडं ठेवून गाडी त्याच्या शेडमध्ये उभी राहिली. वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढायचं ठरवलं. मनापासून ठरवलं, चार कर्ती माणसं घरी आली. ह्यांनी हात जोडले. मी काय भाड्याने चालवत होतो का, म्हणाले, आता पैसे घेतले तर आजवरच्या सगळ्या खेपांचं भाडं घेतल्यासारखं होईल. मी आतून ओरडून सांगितलं की घ्या, मला चालतंय. कुणी ऐकलं नाही. त्या माणसाच्या अभिमानापुढं मी आयुष्यभर डोकं आपटलंय.

पगारातून मी बाजूला टाकत होते, पण असं टाकून इंजिन उभं राहत नाही. ह्यांचं मात्र मन लागेना. दारात हाक येत नव्हती. गाडीच नाही तर कोण कशाला येईल? सकाळी खुर्ची टाकून रस्त्याकडं तोंड करून बसायचे. एकदा मला म्हणाले, "आज कुणीच आजारी न्हाई वाटतं वस्तीत." मला रडावं का हसावं कळेना.

दुसरी वेळ आली ती सकाळची. मी शाळेला निघाले होते. चहाचा कप त्यांनी खाली ठेवला, सांडू न देता, आणि छातीवर हात दाबला. मी हाक मारली तशी सगळी वस्ती धावली. खरंच सगळी. जो तो गाडी शोधायला पळाला. शेवटी पलीकडच्या गल्लीतला एक जण भाजीचा टेम्पो घेऊन आला, मागचे क्रेट रस्त्यावर फेकून. तो त्या पहिल्या बाळंतिणीचा दीर. हौद्यात गादी टाकली, ह्यांचं डोकं मी मांडीवर घेतलं, चार माणसं धरायला बसली. निघेपर्यंत जायचा तो वेळ गेलाच होता.

गावाबाहेर पडताना मेकॅनिकची शेड लागली. आमची गाडी तशीच उभी होती, बॉनेट उघडं. हे आडवे, त्यांना दिसली नाही. मला दिसली. तारखेप्रमाणे तिची वॉरंटी अजून चालू होती.

केडगावचा फाटा मागं पडला तेव्हा ह्यांनी डोळे उघडले. वर ताडपत्री फडफडत होती. म्हणाले, "कुणाची गाडी हाय ही?"

मी सांगितलं.

"त्याला तेल टाकून दे."

मी म्हटलं, अहो गप पडा, बोलू नका. त्यांनी माझं मनगट धरलं. "टाकशील ना? तसंच नको जाऊ."

टाकते, म्हटलं. मग त्यांनी डोळे मिटले. यवतच्या अलीकडं त्यांचा हात सैल झाला. पुण्याच्या डॉक्टरने ह्या वेळी डोळे वटारले नाहीत. नुसतं कधी झालं ते विचारलं आणि लिहून घेतलं.

परत त्याच टेम्पोतून आलो. माझं रडूनही झालं होतं आणि रडायचंही राहिलं होतं. चौफुल्याजवळ पंप दिसला तशी मी पुढची काच वाजवली आणि थांबायला सांगितलं. टेम्पोवाला खाली उतरून हौद्याजवळ आला. "काकू, नको वो," म्हणाला. "मामांनी माझ्या वहिनीला नेलं हुतं. मी तुमच्याकडनं तेल घिऊ?"

मी म्हटलं, तू नाही घेतलंस तर ते इथून उठून भांडतील तुझ्याशी.

तो तोंड फिरवून उभा राहिला. पंपावरच्या पोराने हौद्यात बघितलं, मग माझ्याकडं, आणि दबक्या आवाजात विचारलं, किती टाकू. आमच्या गाडीत लोकांनी कायम जेवढ्याला तेवढंच टाकलं होतं. मी पर्स उघडली. इंजिनासाठी साठवलेले सगळे पैसे त्यातच होते, दवाखान्यात भरायला म्हणून सकाळी उचललेले, जसेच्या तसे राहिलेले.

"फुल कर," मी म्हटलं.