वाटीमागची पोकळी

पत्नीच्या उजव्या खुब्यात धातूची वाटी आहे. ती बसवली तेव्हा मी बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत देखभाल विभाग सांभाळत होतो. बेअरिंग ठोकून बसवण्यात माझे आयुष्य गेले होते. त्यामुळे सिमेंटविना वाटी कशी टिकते, हे डॉक्टरांना फारसे समजावावे लागले नाही. हाडातला खळगा वाटीपेक्षा किंचित लहान कोरायचा आणि वाटी ठोकून घट्ट बसवायची. सुरुवातीला नुसती पकड. पुढे वाटीच्या खरबरीत पाठीत हाड शिरते आणि दोन्ही एकजीव होतात. यंत्रात असे कधी होत नाही. तिथली पकड सैलच होत जाते. म्हणून ती रचना मला पटली होती.

हाडाने आपले काम केले. महाल भागातल्या आमच्या घराचा जिना पत्नी चढू-उतरू लागली. भिवापूरला बहिणीकडे जाऊन मिरच्यांचे देठ खुडू लागली, तेही खुर्चीवर बसून. जमिनीवर बसण्यास मनाई होती. खुर्ची सोडत नाही म्हणून बहीण तिला ठाणेदारीणबाई म्हणे.

यंदा उन्हाळ्यात नेहमीच्या तपासणीचा एक्स-रे काढला. वाटी जागच्या जागी होती. तिच्या मागे हाडात मात्र काळसर डाग दिसत होता. डॉक्टरांनी सांगितले की वाटीच्या आत प्लास्टिकचे अस्तर असते. मांडीच्या हाडावर बसवलेला गोळा त्यात फिरून ते झिजते, त्याचे सूक्ष्म कण मागे उतरतात आणि त्यांना हटवण्याच्या खटपटीत शरीर स्वतःचेच हाड खाते. कडेची पकड शाबूत आहे, म्हणून वेदना नाही, आवाजही नाही.

"पकड सुटली की कळेल?" मी विचारले.

"कळेल. पण तोवर नवी वाटी धरून ठेवायला पुरेसे हाड उरेल की नाही, सांगता येत नाही."

"मग आताच अस्तर बदला."

त्यांनी हृदयाच्या तपासणीचा अहवाल पुढे ओढला. तिला भूल झेपेल याची खात्री ते देत नव्हते. थांबण्यात धोका होता, उघडण्यातही होता. निर्णय आम्ही घ्यायचा होता.

"ठरवाचं काय हाय त्यात?" पत्नी म्हणाली. "दुखतच नाही, तर काहून कापता?"

घरी आल्यावर मी कागदावर आकृती काढून तिला ती पोकळी दाखवू लागलो. तिने कागद बाजूला सारला.

"तुमाले मी गिरणीतली मशीन वाटून राहिली काय जी?"

गिरणीत शंका आली की आम्ही पेचकसाचे टोक बेअरिंगच्या बाहेरच्या कवचावर टेकवून मूठ कानाला लावत असू. आतली खरखर स्पष्ट ऐकू येई. मग यंत्र थांबवायचे, उघडायचे, भाग बदलायचा. जे उघडता येत नाही असे यंत्र मला ठाऊक नव्हते.

तेव्हापासून ती जिना उतरू लागली की मी वर्तमानपत्र खाली ठेवून पावले ऐकतो. तिच्या ते लक्षात आले असावे. एके सकाळी ती माझ्या अवजारांच्या पेटीतला पेचकस घेऊन समोर उभी राहिली.

"घ्या, लावा कानाले. रोज चोरून ऐकता, त्यापेक्षा एकदाचं नीट ऐका."

"वेडेपणा करू नको वं."

"लावा म्हणते ना!"

मी टोकाला फडके गुंडाळले, ते तिच्या खुब्यावर टेकवले आणि मूठ कानाला लावली. तिने भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतला. लुगडे सळसळले. आणखी काही नाही.

"काय म्हणते मशीन?"

"काही नाही."

"मंग? मी काय सांगून राहिली इतके दिवस?"

ती हसत स्वयंपाकघरात गेली. हाड आवाज न करता जाते, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांसमोरच सांगितले होते. मी ते पुन्हा सांगितले नाही. फडके सोडले, घडी केली, पेचकस पेटीत ठेवला.

आत ती वरच्या फळीवरच्या डब्यासाठी उजव्या पायावर उंच झाली होती. मी डबा काढून दिला.