एकेका पायाच्या चपला

रिकार्टनमधल्या मुलाच्या घरून सकाळी गाडी निघाली तेव्हा मी आमच्या चिरंजीवांशी बोलत नव्हते. मुलाकडे चार महिने राहावं म्हणून आम्ही दोघं नाशिकहून ख्राइस्टचर्चला आलो, मेतकूट आणि भाजणी विमानतळावरच्या तपासणीतून सहीसलामत सोडवली, आणि आठवडा होतो न होतो तोच मंदारनं बातमी दिली. इथं शिकायला आलेला हा मुलगा पुढं सर्व्हेअर झाला आणि इथल्या मोठ्या भूकंपानंतर याच शहराच्या जमिनी मोजत राहिला. आता त्याला ती नोकरी सोडून वर्षभर कंबोडियाला जायचं होतं. तिथं जमिनीत पुरलेले भूसुरुंग शोधून काढणाऱ्या एका पथकात.

"आई, तू हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाही," असंही म्हणाला. अशी वाक्यं टाकून मुलं आयांना बरोबर कोंडीत पकडतात. मी नाही म्हटलं. मग तो तोंड पाडून ऑफिसला जाऊ लागला आणि मी अबोला धरला.

शनिवारी त्यानं वडिलांमार्फत निरोप पाठवला की आईला एक म्युझियम दाखवायचं आहे. भूसुरुंगांचं. त्याचा डाव मला कळला होता, पण घरात बसून तरी काय करणार?

रस्ता मात्र सुरेख होता. वसंत नुकताच लागला होता, दोन्हीकडं हिरवी कुरणं आणि त्यात नवी कोकरं. उजव्या हाताला बर्फाचे डोंगर आमच्याबरोबर चालत होते. एका लहानशा गावात पाय (आत गरम सारण भरलेली वाटीएवढी खारी) खायला थांबलो. आमच्या यांनी बेकरीवालीला ऐटीत "किया ओरा" म्हणून रामराम घातला आणि भाजीचा पाय घाईनं तोंडात कोंबून जीभ भाजून घेतली. एरवी मी हसले असते.

म्युझियम म्हणजे मेंढ्यांची लोकर कातरायची जुनी शेड. एका निवृत्त सैनिकानं स्वतःच्या हौसेनं, म्हणजे खरं तर दुःखानं, उभी केलेली. मंदार गाडी लावायला गेला आणि आम्ही दोघं आत शिरलो. दारातच भिंतीलगत लाकडी फळीवर चपला-बूट ओळीनं मांडलेले दिसले. मला बरं वाटलं, म्हटलं इथंही रीत पाळतात. मी सॅंडल काढून त्या ओळीत नीट लावले. यांनीही बूट काढले. मोज्यांनिशी आम्ही त्या गार फरशीवरून चालू लागलो.

टेबलावर निकामी केलेले भूसुरुंग होते. एक तर बूटपॉलिशच्या डबीएवढा. मला वाटलं होतं काहीतरी अक्राळविक्राळ असेल. ही डबी एखाद्या पोरानं सहज खेळायला उचलली असती. शेजारी मातीचा एक पट्टा आखला होता, दोन्ही बाजूंना लाल खुंट्या. गुडघ्यांवर बसून त्यात सळई तिरकी खुपसत इंच इंच पुढं सरकायचं.

"मी खणणार नाहीये गं," मंदार मागून येत म्हणाला. "मी फक्त मॅपिंग करणार. ट्रेनिंगही हीप्स, म्हणजे ढीगभर देतात."

"नकाशा काय घरात बसून काढतात?" मी म्हटलं. आठवड्यातलं माझं पहिलं वाक्य.

त्यानं खाली पाहिलं. "आई, तुमचे शूज कुठायत?"

मी दाराकडं बघितलं. एक वयस्कर गोरं जोडपं फळीपुढं वाकून उभं होतं. माझे सॅंडल आणि यांचे बूट ते अतिशय गंभीरपणे न्याहाळत होते. बाईंचे डोळे भरलेले. आणि मग माझ्या लक्षात आलं. त्या ओळीत आमचे तेवढे जोड होते. बाकी सगळ्या एकेका पायाच्या. रबरी सपाता, एक शाळेचा बूट, एक लहान मुलीची फुलाची चप्पल. जोडीतली दुसरी ज्या पायात होती तो पाय उरला नव्हता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी धावत जाऊन सॅंडल उचलले. तेवढ्यात आतून एक तरुण बाई थोडी लंगडत आली आणि चक्क हसू लागली.

"राहू दे, राहू दे," ती म्हणाली. "आमच्याकडंही दारात काढतात. इथं येऊन असं करणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

तिचं नाव चन्था. मूळची कंबोडियाची, लग्न होऊन इथं आलेली, शनिवारी हे म्युझियम सांभाळायची. माझं इंग्रजी जेमतेम, तिचंही सावकाश, त्यामुळं आमचं छान जमलं. फुलाच्या चपलेकडं बोट दाखवून ती म्हणाली, "ही माझी."

तिच्या भागातली लढाई कधीच थांबली होती. ती बैल आणायला बांधावर गेली होती, एवढंच. तिनं मला आतल्या भिंतीशी नेलं. तिथं कृत्रिम पाय टांगले होते, वीतभर लांबीपासून मोठ्या बाईच्या पायापर्यंत. सगळे तिचेच.

"मी वाढायची, हा वाढायचा नाही. मग आई पुन्हा दवाखान्यात न्यायची."

मी त्या सगळ्यात लहान पायाकडं बघत राहिले.

"ते शेत?" मी विचारलं.

"आता बहीण तिथं मिरची लावते. एक माणूस आला होता, कुठल्या देशाचा कोण जाणे. सबंध उन्हाळा गुडघ्यांवर बसून त्यानं ते मोकळं केलं."

"त्याच्या आईनं कसं पाठवलं त्याला?"

चन्थानं जरा विचार केला. "ते मला माहीत नाही. पण पाठवलं. माझी भाची त्या शेतातून पळत शाळेत जाते."

बाहेर आल्यावर मी मंदारला धरलं. "हिला तू पढवून ठेवलंस ना?"

"प्रॉमिस, आई. आजच भेटली."

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात त्या माणसाची आई होती. पाठवणारी आई मला आतापर्यंत दगडाच्या काळजाची वाटत होती. ती माझ्यासारखीच घाबरट असेल, हे मला सुचलंच नव्हतं. नदीवरचा लांबलचक पूल ओलांडला तेव्हा मी विचारलं, "निघायचं कधी आहे?"

गाडीचा वेग एकदम कमी झाला. "तू हो म्हणतेयस?"

"मी निघायचं कधी ते विचारलं. समोर बघून चालव."

मागच्या सीटवर यांनी चष्मा काढून पुसला, मग पुन्हा पुसला.

दोन महिन्यांनी, आमच्या आधी तोच निघाला. टॅक्सी दारात, आणि घरात दही नाही. सकाळी यांनी दहीभातात संपवलं होतं. मी जँडल्स (रबरी सपाता) घालून तशीच कोपऱ्यावरच्या डेअरीत (किराणा-दुधाच्या दुकानात) पळाले. तिथं साधं दही नव्हतं, होतं ते पिवळं, फळाच्या बिया घातलेलं. तेच आणलं आणि त्याच्या तळहातावर चमचाभर घातलं. भीती गेली नव्हती, ती मी लपवलीही नाही.

त्यानं चाटून पाहिलं. "आई, हे पॅशनफ्रूटचं आहे."

"असू दे. मला साखर घालावी लागली नाही."

तो वाकला, मला आणि यांना नमस्कार केला. "येतो," म्हणाला.

"ये," मी म्हटलं, आणि दाराबाहेर ठेवलेले त्याचे दोन्ही बूट माझ्या हातांनी त्याच्या पुढ्यात आणून ठेवले.