साहिबाबादला, आई पेशी फोडते तिथे

आई तीन वर्षांपासून गाझियाबादजवळ साहिबाबादला नोकरीला जाते आणि मी तिथे एकदाही गेले नव्हते. गुरुग्राममधल्या माझ्या ऑफिसातून साहिबाबाद म्हणजे परदेशच. गेल्या आठवड्यात फोनवर भाजीचे भाव सांगावेत तशा सुरात तिनं सांगितलं, की शनिवारी गुजरातचे खरेदीदार आमच्याकडे चाचणी बघायला येणार आहेत. मग म्हणाली, "तुला सुट्टीच असेल. येतेस का?"

असं तिनं कधीच बोलावलं नव्हतं. मी शुक्रवारीच करोल बागेत तिच्याकडे मुक्कामाला गेले.

आई वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. आहे. पण बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, दर तीन-चार वर्षांनी बदली. तिची पदवी आमच्याबरोबर गावोगाव फिरली, तीही ट्रंकेतून. बाबा निवृत्त झाले तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती. त्याच महिन्यात तिनं पेपरातली एक जाहिरात कापली आणि मुलाखतीला गेली. मला वाटलं होतं, सहा महिन्यांत कंटाळेल.

कुणाला त्या बाजूला जायचं असेल तर सांगते: करोल बागेतून ब्लू लाइनवर वैशालीची पाटी असलेली गाडीच घ्या. नोएडाची घेतलीत तर यमुना बँकला उतरून बदलावी लागते. वैशालीहून पुढे शेअर ऑटो, माणशी वीस रुपये. रस्ता खड्ड्यांचा, ट्रकांचा. मे महिन्यात सकाळी नऊलाच डोकं तापतं, तेव्हा पाण्याची बाटली आणि ओढणी हवीच.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड आणि बाजूला दोन खोल्या. दारात चपला काढून टोपी घालावी लागते. आत काचेच्या उंच नळ्यांतून कुंकवासारखं लाल पाणी फिरत होतं. हे शेवाळ, पण एकेक जीव एकाच पेशीचा, डोळ्यांना न दिसणारा. कडक ऊन लागलं आणि उपासमार झाली की तो स्वतःभोवती जाड कवच करतो आणि आत लाल रंग साठवतो. तोच रंग औषधांच्या कॅप्सूलमध्ये आणि माशांच्या खाद्यात जातो. "कवच फुटलं नाही तर सगळी मेहनत पाण्यात," आई म्हणाली. फोडायचं यंत्र म्हणजे एक आडवं पिंप. त्यात बारीक, टणक मणी गरगर फिरतात आणि पेशी त्यांच्यात भरडल्या जातात. पिंपाभोवती थंड पाणी खेळवतात, कारण तापलं की रंग बिघडतो.

खरेदीदार दोघं आले. यंत्र सुरू झालं आणि अर्ध्या तासात पाणी थंड करणारं मशीन बंद पडलं, म्हणून यंत्रही थांबवावं लागलं. कारखान्याचा मालक रोहित माझ्याच वयाचा आहे. त्याचा चेहरा उतरला. तोवर बाहेर पडलेला माल मात्र लालभडक दिसत होता. तो आईला हळूच म्हणाला की आंटीजी, हेच दाखवून टाकू.

आईनं आधी तो माल तपासायला घेतला. त्यातला एक थेंब काचेवर घेऊन ती मायक्रोस्कोपवर वाकली. मग उठून सरळ पाहुण्यांसमोर गेली.

"आधे से ज़्यादा सेल अभी साबुत हैं," ती शांतपणे म्हणाली. "रंग अच्छा दिखेगा, पर निकलेगा कम. एक घंटा रुकिए."

ही आमच्या घरात पाहुण्यांसमोर कधी न बोलणारी बाई. रोहितनं क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि बर्फ आणायला माणूस धाडला. बर्फाचं पाणी पिंपाभोवती सोडलं, ते पुरतं निवू दिलं. मग यंत्र पुन्हा सुरू करून आईनं माल आत ढकलणाऱ्या पंपाचा वेग कमी केला, म्हणजे पेशी मण्यांत जास्त वेळ राहतील. दर दहा मिनिटांनी ती तापमान बघत होती आणि वहीत लिहीत होती.

तासाऐवजी दीड तास लागला. मग थोरल्या खरेदीदारांनी स्वतः मायक्रोस्कोपात बघितलं. मीही बघितलं. आधीच्या काचेवर डाळिंबाच्या दाण्यांसारखे गोल, गच्च लाल ठिपके होते. नव्या काचेवर रिकामी, फाटकी टरफलं आणि सगळीकडे पसरलेले लाल थेंब. त्यांनी रोहितला विचारलं की थांबायचं कुणी ठरवलं. रोहितनं आईकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, पहिली ऑर्डर देतो, पण प्रत्येक खेपेच्या कागदावर मॅडमची सही पाहिजे.

नंतर आम्ही दोघींनी कोपऱ्यावरच्या गाडीवर छोले-कुलचे खाल्ले. चाळीस रुपये प्लेट, कांदा-लिंबू भरपूर, अवश्य खा. मी तिला विचारलं, भीती नाही वाटली? "वाटली ना," ती म्हणाली. "पण मला दिसत होतं गं. दिसल्यावर कसं गप्प बसणार?" परतीच्या मेट्रोत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. तिच्या नखांच्या कडा लाल होत्या.

आजवर कुणी घरचं विचारलं की मी बाबांचं मंत्रालय सांगायचे आणि आईवरून पुढे सरकायचे. याची लाज मला त्या गाडीत वाटली.

सोमवारी ऑफिसात जेवताना एकीनं विचारलं, वीकेंडला कुठे होतीस? म्हटलं, आईच्या कारखान्यात. तिनं विचारलं, आई मालकीण आहे का?

"नाही," मी म्हटलं. "पण तिनं सही केल्याशिवाय तिथून एक थेंब बाहेर जात नाही."