डेलमारचा सॉस

आमच्या गावात कुणाचं हॉस्पिटलचं बिल आवाक्याबाहेर गेलं की फायर स्टेशनच्या हॉलमध्ये स्पॅगेटीचं जेवण ठेवतात. ताटामागे दहा डॉलर, ते बिलात जातात. तीस वर्षं सॉस डेलमारच करायचा, स्वयंपाकघराला आतून कडी लावून. त्यात काय घालतोस, मी दरवेळी विचारायचे. "मरताना सांगेन," म्हणायचा.

यंदा त्याच्याच हृदयाचं ऑपरेशन झालं. जेवण त्याच्यासाठी ठरलं. मी वही घेऊन त्याच्या खाटेशी गेले.

"आता तरी सांग, मेल्या. लोक तुझ्या सॉससाठी येतात."

"दुकानातल्या बाटल्या," तो म्हणाला. "नुसत्या गरम करायच्या."

मी तेच केलं.

"डेलमारसारखा नाही जमला तुला," म्हणत सगळे पुन्हा दहा डॉलर काढून रांगेत उभे राहिले.