दशमीचा चिखल आणि वहिनीचं कार्ड

आमच्या कल्पिता वहिनीच्या तोंडाला ओहोटी ठाऊक नाही. भांडुपच्या खाडीत मासळी कमी झाली तशी तिने दादा गेल्यावर मागे राहिलेल्या त्याच्या बोटीतून लोकांना फ्लेमिंगो दाखवायला सुरुवात केली आणि इंजिनावर मला, सख्ख्या दिराला बसवलं. लोक येतात पक्षी बघायला, पण खूश होतात तिची बडबड ऐकून.

यंदा फर्मान निघालं: अभयारण्यात माणसं न्यायची तर गाइडचं कार्ड हवं, नाहीतर बोट बांधून ठेवा. वहिनी परीक्षेत दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा तोंडामुळे. शेकाट्या पक्ष्याचे पाय लांब का, असं पहिल्या साहेबांनी विचारलं, तर म्हणाली, "तुमच्यासारखी पँट भिजू नये म्हणून." दुसऱ्या साहेबांनी दुर्बीण उलटी धरली, तेव्हा ती पोट धरून हसली. आता शेवटची संधी होती.

मी हात जोडले. "वहिनी, विचारतील तेवढंच सांग. बाकी फक्त 'हो मॅडम'. तुला दादाची शपथ."

"मेल्या, शपथ कशाला घातलीस?" ती चिडली, पण शपथ ती शपथ.

परीक्षेला मृणालिनी मॅडम आल्या. जाकिटाला इतके खिसे की पेन सापडेना. नऊला निघालो. पक्ष्यांची नावं वहिनीने धडाधड सांगितली. दहाच्या सुमारास मॅडमना लांब कुठलासा दुर्मिळ तुतवार पक्षी दिसला.

"अजून आत घ्या."

त्या दिवशी दशमी होती. आम्ही कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे भरती सकाळी साडेसातची, पाणी कधीच उतरायला लागलेलं. मलाही हे कळायला हवं होतं, पण मी वहिनीच्या तोंडावर पहारा देत होतो. तिने मला डोळ्यांनीच फाडून खाल्लं आणि म्हणाली, "हो मॅडम."

अर्ध्या तासात बोट चिखलात बसली. आता संध्याकाळच्या भरतीशिवाय सुटका नव्हती.

"तुम्हाला हे माहीत होतं?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम."

"मग बोलला का नाहीत?"

"या रेड्याने शपथ घातली होती ना!" आणि वहिनी सुटली. माझी अक्कल, मॅडमचं जाकीट, तो तुतवार, कोणालाच सोडलं नाही. मला रडू यायचं बाकी होतं. कार्ड गेलं, दादाची बोट गेली, आणि सगळं माझ्या शहाणपणापायी.

दुपारी मॅडमची भलतीच पंचाईत झाली. वहिनीने ताडपत्री आडवी धरली आणि मला दम दिला, "निमेश, तिकडे तोंड कर!" मग भाकरी आणि सुके बोंबील खाताना मॅडमनी नाक मुरडलं नाही. चिखल उघडा पडला तसे फ्लेमिंगो चरत चरत बोटीच्या अगदी जवळ आले. वहिनी हळू आवाजात पक्ष्यांची एकेक खूण सांगत होती, मॅडम वही मिटून ऐकत होत्या.

साडेपाचला बोट हलली. मॅडम म्हणाल्या, "शेवटचा प्रश्न. गाइडचं पहिलं काम काय?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"पाणी जायच्या आत शहाण्यांना हाकलून परत आणणं."

मॅडमनी तिथेच शेरा लिहिला: 'तोंड फटकळ. पाण्याची जाण उत्तम. पास.' वहिनी पदरात तोंड घालून रडली.

आता शपथ माझ्यावर आहे. ती "वळव" म्हणाली की मी फक्त "हो वहिनी" म्हणतो.