तबकडीकाकांचा ठिपका

आमच्या भागात त्यांना सगळे तबकडीकाका म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तीस वर्षं घरोघरी विजेच्या मीटरचं रीडिंग घेतलं, चपला झिजल्या, पण एक घर चुकवलं नाही. आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर उडती तबकडी. मला त्या नावाचा राग येई. का येई ते मी चौदा वर्षं कुणाला सांगितलं नाही, कारण ते काही सज्जनपणाचं कारण नव्हतं.

झालं होतं असं. एका दुपारी चार वाजता काका टेकडीच्या अलीकडे, शेवटच्या अकरा घरांपाशी होते. त्यानंतर त्यांना आठवतं ते एकदम सात वाजताचं. टेकडीच्या पलीकडे पाण्याच्या टाकीजवळ ते उभे, हातात वही आणि वहीत अकरा ओळी कोऱ्या. मधल्या तीन तासांत आपल्याला कुणीतरी उचलून नेलं आणि परत आणून सोडलं, असं ते सांगत. लोक विचारत, "काका, तिथलं रीडिंग किती आलं हो?" काका हसत नसत. "वही बघा," म्हणत. "मी कधी घर सोडलंय?"

पण कोऱ्या ओळींना पुरावा कोण म्हणणार? त्याच सुमारास खांदा दुखतो म्हणून ते आमच्या दवाखान्यात आले. मी एक्स-रे काढणारी, नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेले. फिल्म धुऊन उजेडावर धरली, तर गळ्याच्या हाडाखाली मोहरीएवढा पांढरा ठिपका. "इथे काहीतरी दिसतंय," मी बोलून गेले. डॉक्टरांनी 'काही नाही' म्हणून गोळ्या लिहून दिल्या. पण काका डॉक्टरांचं कुठले ऐकायला, त्यांनी माझं ऐकलं. फिल्म घरी नेली आणि रस्त्यावरच्या खिडकीला चिमट्यांनी लावली.

पुढच्या आठवड्यात तोच ठिपका एका बाईंच्या गुडघ्यात उगवला. तेव्हा मी कॅसेट उघडली. फिल्म ज्या चपट्या पेटीत घालतात, ती कॅसेट. आतल्या पडद्याला एक कण चिकटला होता. तो जिथे उजेड अडवतो, तिथे फिल्म पांढरी राहते. ती पेटी पुसायचं काम माझं. मी पुसली, गुडघ्याचा फोटो पुन्हा काढला, खराब फिल्म कपाटाच्या तळाशी सारली आणि गप्प बसले. नोकरी नवी, डॉक्टर चिडके. झाकली मूठ सव्वा लाखाची.

काकू आधीच वारल्या होत्या. लोक हसतात म्हणून मुलीने माहेरी येणं सोडलं, ती दुसऱ्या शहरात. उरले ते रविवारी फिल्म बघायला येणारे चार-पाच जण, ज्यांना काकांपेक्षा ठिपक्यात रस. त्यांच्यासाठी काका सकाळपासून खुर्च्या मांडून ठेवत. मी त्या खिडकीवरून जाताना मान खाली घालून झपाझपा निघून जाई.

गेल्या महिन्यात काका दवाखान्यात आले. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, काखेत जुन्या फिल्मचं पाकीट.

"ताई, नवीन फोटो काढून द्या. मुलगी म्हणतेय, 'बाबा, माझ्याकडे राहायला या. पण आधी ताजा फोटो दाखवा. ठिपका असला तर मी मानेन. नसला तर त्या गोष्टीचं पुन्हा नाव काढायचं नाही.'" मग स्वतःशीच म्हणाले, "असणारच. जातोय कुठे?"

मशीन बंद आहे म्हणून मी त्यांना परत पाठवू शकले असते. तसं म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण त्यांनी शर्टाची वरची बटणं सोडायला घेतली, इतक्या खात्रीने, की मला माझीच शिसारी आली. मी कपाट उघडून ती गुडघ्याची फिल्म काढली आणि सगळं सांगितलं.

काकांनी चष्मा लावला. दोन्ही फिल्मा एकमेकींवर ठेवल्या, कोपऱ्याला कोपरा जुळवला आणि उजेडावर धरल्या. ठिपक्यावर ठिपका नेमका बसला. त्यांनी फिल्मा सोडवून पुन्हा जुळवल्या. आकडा दोनदा वाचायची सवय.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"आठ दिवसांत."

"चौदा वर्षं झाली, ताई."

"हो."

"माझं रीडिंग चुकलं की मी त्याच दिवशी परत जायचो. तिसरा मजला असला तरी."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

नवा फोटोही त्यांनी काढायला लावला. स्वच्छ आला. "मग ते तीन तास?" त्यांनी विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार. डॉक्टर म्हणतील, फिटचा झटका आला असेल."

"असेलही," म्हणाले आणि बटणं लावत निघून गेले.

त्यापुढे त्यांनी जे केलं, ते मी मेले तरी केलं नसतं. रविवारच्या मंडळींना त्यांनी स्वतः दोन्ही फिल्मा जुळवून दाखवल्या. मंडळी म्हणाली, तुमच्यावर दबाव आलाय. आणि उठून गेली. मुलीलाही फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं. आता ते डोक्यातून काढा आणि या." काका म्हणाले, "ठिपका खोटा होता, बाळ. तीन तास खोटे नव्हते. काय होतं ते मला माहीत नाही. पण काही झालंच नाही, असं मी म्हणणार नाही." तिने फोन ठेवला.

मला हे कळलं, कारण पुढच्या रविवारी मी माफी मागायला गेले. खिडकीला नुसतेच चिमटे होते. पाच खुर्च्या मांडलेल्या आणि पाचही रिकाम्या. मी एका खुर्चीवर बसले. एवढ्या वर्षांत ती गोष्ट मी फक्त टिंगल करणाऱ्यांकडून ऐकली होती.

"काका, काय झालं होतं ते सांगा. पहिल्यापासून."

"मानणार आहात?"

"बहुधा नाही. पण ऐकणार आहे."

ते तासभर बोलत होते. खरं सांगायचं तर चमत्कारिक असं फारसं काही नव्हतंच. पांढरी खोली, चेहरे आठवत नाहीत, दुखलं नाही. शेवटी म्हणाले, "तीस वर्षं मी दार वाजवलं की आतून 'कोण?' यायचं. मी म्हणायचो, 'मीटर'. तिथे कुणी विचारलंच नाही, कोण म्हणून. मी येणार हे त्यांना ठाऊक होतं. माझ्यासाठी खुर्ची मांडलेली होती."

निघताना मी म्हटलं, पुढच्या रविवारी येते. त्यांनी नुसती मान हलवली. असली आश्वासनं त्यांनी बरीच ऐकली असणार.

त्या रविवारी मी गेले. चार खुर्च्या भिंतीशी एकावर एक रचून ठेवल्या होत्या. खिडकीपाशी एकच मांडलेली होती.